शिकवून तयार केलेला माणूस टिकावा म्हणून बाँड घ्यावा का?

रबाळेकर:
रबाळे एमआयडीसीत माझं छोटं सीएनसी-व्हीएमसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या धातूकामाच्या मशीनचं युनिट आहे, १४ माणसं. गेल्या महिन्यात माझा व्हीएमसी सेटर, म्हणजे कामाआधी मशीन लावून देणारा कारागीर, सोडून गेला. आयटीआय करून आला तेव्हा त्याला मायक्रोमीटर नीट धरता येत नव्हता. वर्क ऑफसेट घेणं (जॉब नेमका कुठे आहे ते मशीनला सांगणं), टूल लेंग्थ लावणं, पहिला पीस तपासल्याशिवाय सायकल स्टार्टच्या बटणाला हात न लावणं, हे सगळं मी तीन वर्षं त्याच्या शेजारी उभं राहून शिकवलं. महापेत साडेतीन हजार जास्त मिळाले, गेला. घाईत नवा सेटर घेतला, त्यानं पहिल्याच आठवड्यात ऑफसेट चुकीचा टाकला आणि टूल थेट व्हाइसवर, जॉब पकडणाऱ्या शिकंज्यावर, आदळलं. टूल फिरवणाऱ्या स्पिंडलचं काम निघालं, ११ दिवस मशीन बंद.

भागीदार म्हणतो, यापुढे दोन वर्षांचा बाँड, म्हणजे आधी सोडलं तर पैसे भरीन असं लेखी, घ्यायचा आणि मूळ मार्कशीट आपल्याकडे ठेवायची. मार्कशीटचं मला पटत नाही. पण शिकवण्याचा खर्च मालकानं करायचा, तर थोडं बंधन मुलावरही हवं असं मला मनापासून वाटतं.

वागळे इस्टेट:
बिनधास्त घ्या. मोठ्या कंपन्या शिकवत नाहीत, आपण शिकवलेलं उचलतात. आमच्यासारखी युनिट्स म्हणजे त्यांची फुकटची शाळा झाली आहे. बाँड चालत नाही असं सांगणारे बरेच भेटतील, पण मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली आहे.

ऐरोलीची पगारपत्रकवाली:
तो निकाल मीही वाचला आहे. सरकारी बँकेला जाहिरात काढून, खुली निवड करून माणूस घ्यावा लागतो, त्याला वेळ आणि पैसा लागतो, हा त्यातला मोठा मुद्दा होता. आपण गेटवर बोर्ड लावून भरती करतो. नुकसानीचा हिशेब मागितला तर काय दाखवणार? आणि दुसऱ्याची मूळ मार्कशीट कपाटात ठेवणं ही सरळ अडवणूक आहे. ज्याच्या हातात चांगलं काम आहे, तो अशा ठिकाणी अर्जच करणार नाही. तुमच्याकडे येतील ते दुसरीकडे कुठे न मिळालेले.

रबाळेकर, त्या मुलाचा पगार किती होता?

रबाळेकर:
२०,५०० ग्रॉस. नवीन ठिकाणी २४,०००.

ऐरोलीची पगारपत्रकवाली:
म्हणजे ईएसआयची, सरकारी कामगार आरोग्य विम्याची, २१,००० ची पगारमर्यादा ओलांडली. चालू सहामाही संपली की त्याचं ईएसआय बंद. घरात बाळंतपण किंवा ऑपरेशन निघालं तर त्या साडेतीन हजारांचं काय होतं, ते मी दर वर्षी पाहते. पगार वाढवताना मालक नेमके इथेच थांबतात, ‘ईएसआय जाईल’ म्हणून २०,९०० वर माणूस गोठवून ठेवतात. त्याऐवजी मर्यादा ओलांडणाऱ्यांसाठी ग्रुप मेडिक्लेम काढा आणि पगार मोकळा सोडा. असा माणूस दोन-तीन हजारांसाठी चटकन हलत नाही.

वागळे इस्टेट:
ताई, हे कागदावर छान आहे. जॉबवर्कचा दर पार्टी, म्हणजे काम देणारी कंपनी, पाडून मागते, पेमेंट ९० दिवसांनी येतं. मेडिक्लेम कुठून काढायचा? माझ्याकडचे तिघं दोन वर्षांत गेले, त्यातल्या दोघांना मी स्वतः खोली बघून दिली होती. चांगुलपणानं माणूस टिकतो हे मला तरी कुणी दाखवावं.

तुर्भे सेकंड शिफ्ट:
मी मशीनच्या अलीकडचा माणूस, नऊ वर्षं सेटर. तीन ठिकाणं सोडली, म्हणून लिहितो. पैशासाठी फक्त एक सोडलं. दुसऱ्या ठिकाणी पीएफ कापायचे पण भरायचे नाहीत, मोबाइलवर पासबुक उघडलं तेव्हा कळलं. तिसऱ्या ठिकाणी रिजेक्शन झालं की सगळ्यांसमोर शिव्या, कारण गिऱ्हाइकानं पाठवलेलं मटेरियल कडक आहे हे ऐकूनच घ्यायचे नाहीत. मी दिव्याहून येतो, ठाण्याला ९-१० नंबर फलाटावर गाडी बदलून. एवढं करून रोज शिव्या खायला कोण जाईल?

भरतीबद्दलही एक सांगतो. आता जिथे आहे तिथे मालकानं मुलाखतीत सर्टिफिकेट बघितलंच नाही. व्हर्निअर आणि एक बुश हातात दिला, म्हणाला मोजून सांग. मी आधी व्हर्निअरचे जबडे पुसले, झिरो बघितला. ‘उद्यापासून ये’ म्हणाला. रबाळेकर, तुमच्या नवीन सेटरला अशी अर्धा तास पारख केली असती तर स्पिंडल वाचला असता.

आणि तुमच्याकडे पगार कितव्या तारखेला होतो?

रबाळेकर:
१० ते १५. पार्टीचं पेमेंट आलं की.

तुर्भे सेकंड शिफ्ट:
कायद्यानं ७ च्या आत हवा.

रबाळेकर:
हो. रात्रभर तेच डोक्यात होतं. दर महिन्याच्या ४ तारखेला तो केबिनच्या दारात येऊन उभा राहायचा. ५ ला त्याच्या गाडीचा हप्ता असायचा. मी उचल द्यायचो, पण आधी पाच मिनिटं उभं ठेवून फोन उरकायचो. तीन वर्षं तो दर महिन्याला तसा उभा राहिला.

मूळ कागद ठेवणार नाही, हे भागीदाराला सांगून टाकलं. बाँडवर आमचं अजून जमत नाही. बाहेर कोर्सला पाठवलं तर त्या फीपुरता तरी लिहून घेऊ असं तो म्हणतो, आणि ते मलाही चुकीचं वाटत नाही. पगार ७ ला करायचा तर बँकेच्या ओडीची (ओव्हरड्राफ्टची) मर्यादा वाढवावी लागेल. सोमवारी बँकेत जातोय.