तुमच्या गावचा मॉल: चढतीचे आणि पडतीचे अनुभव

२०१० मध्ये चिकलठाण्याला प्रोझोन सुरू झाला आणि संभाजीनगरात (तेव्हाचं औरंगाबाद) मॉलचं खूळ शिरलं. आमच्या कॉलनीजवळही एक चार मजली मॉल उभा राहिला. नाव घेत नाही. परवा तिथं गेलो तर तळघरात कुलरचं गोदाम, दुसऱ्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका. सरकता जिना बंद, त्याच्याच पायऱ्या चढून पोरं अभ्यासाला जातात. तुमच्याकडं काय झालं, लिहा.

पैठणची लेक
मामाकडं गेलं की एक दिवस मॉलचा ठरलेला. खरेदी गुलमंडीलाच, मॉलमध्ये जायचं गारव्याला. मे महिन्यात लाइट गेली की मामी म्हणायची, "चला, फुकटचा एसी खाऊन येऊ." आजी सरकत्या जिन्यापाशी चपला हातात घेऊन उभी राहिली आणि वॉचमनला म्हणाली, "लेकरा, आधी तू हे थांबीव, मग मी चढते." त्यानं खरंच थांबवला.

गाळेवाला
धागा वाचून हसू आलं, त्याच मॉलमध्ये दुसऱ्या मजल्यावर माझा गाळा आहे. वडलांनी दोन एकर विकून घेऊन दिला. कागदावर २४० चौरस फूट. टेप लावला तर आत १४०. बाकीचे म्हणे जिन्यात, पॅसेजात आणि संडासात. मेंटेनन्स मात्र २४० वर.

लोक म्हणतात ऑनलाइननं मॉल बुडवले. आमचा त्याआधीच बुडायला लागला होता. बिल्डरनं गाळे सुटे सुटे विकले, शंभरावर मालक झाले. एकानं कपड्याचं टाकलं, शेजाऱ्यानंही कपड्याचंच. कोणी भाव वाढायची वाट बघत शटरच उघडलं नाही. एकच मालक असला की तो गाळे भाड्यानं देतो, कुठं काय बसवायचं ते ठरवतो. आमच्यात ठरवणारंच कोणी नाही. तळमजल्यावर सुपरमार्केट होतं तोवर त्याचं गिऱ्हाईक चुकून वर यायचं. करार संपला, ते गेलं. धंदा बसला म्हणून निम्म्यांनी मेंटेनन्स थकवला, त्यामुळं एसी बंद, आणि एसी बंद म्हटल्यावर उरलेली माणसंही फिरकेनात. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर तर महिनाभर मी नुसती काच पुसत होतो.

गोलाईकर, लातूर
आमच्याकडं मॉल कशाला चालंल? गंजगोलाईला एक चक्कर मारली की सोन्यापासून सुपापर्यंत सगळं मिळतंय. वर दुकानदार वळखीचा: "राहू द्या मामा, सोयाबीन आल्यावर द्या." मॉलमधल्या पोराला उधारी म्हणून बघा, ते विचारतंय, "सर, कॅश का कार्ड?"

शिवणवाली ताई
मी अशाच एका मॉलमध्ये चार वर्षं सेल्सगर्ल होते. बसायला स्टूलसुद्धा नव्हतं, दिवाळीत पाय सुजायचे. २०२० च्या मार्चमध्ये शटर ओढलं ते मालकिणीनं परत उघडलंच नाही. दीड वर्ष काचेतून पुतळे दिसायचे, अंगावर उन्हाळी कुर्ते, सेलच्या चिठ्ठीसकट. सामान विकायला काढलं तेव्हा एक पुतळा मी दीडशेला आणला. आता तो माझ्या ब्लाउजच्या दुकानात उभा आहे. एक हात नाही, पण फिटिंग दाखवायला चालतो.

धागाकर्ता
गाळेवाले, अभ्यासिका तुमच्याच गाळ्यात का?

गाळेवाला
माझा आणि बाजूचे दोन, भिंती पाडून. महिन्याला तीन हजार येतात. मेंटेनन्सची थकबाकी मागायला कोणी उरलेलं नाही.