कापूस आपला, शर्ट मॉरिशसचा. हे काऊन?

धुऱ्यावरचा_माणूस (ता. घाटंजी)

दिवाळीत साळ्याचा पोट्टा लंडनहून आला. माह्यासाठी शर्ट घेऊन आला. मले सवय हाये, कपडा हातात आला की आधी उलटा करून शिवण पाहतो. कॉलरखाली चिटी होती: शंभर टक्के कापूस, अन् त्याखाली ‘मेड इन मॉरिशस’.

म्हणलं, हे तं उसाचं बेट! पोट्ट्यानं मोबाईलवर पाहून सांगतलं, अख्ख्या देशात साडेबारा लाखाच्या आसपास माणसं. म्हणजे आपला भंडारा जिल्हा. जागा तं त्याच्याही निम्मी, २,०४० चौरस किलोमीटर. अन् ते शर्ट विकून राह्यले लंडनले.

इकडं परवा मी साडेसहा हजारानं कापूस टाकला. त्यातबी व्यापाऱ्यानं ‘ओला हाये’ म्हणून क्विंटलमागं दोन किलो कापले. त्याच्यासमोर दातानं सरकी फोडून दाखवली, कडकन वाजली. ऐकते कोण! जिनिंगच्या पुढं माह्या कापसाचं काय होते, मले आजवर दिसलं नाही. तठी बोंड नसून हे कसं जमलं, कोणी सांगान का?

रिटायर_गुरुजी

शाळेत ‘ऊस’ कदाचित मीच शिकवला असेल, आणि तेव्हा ते खरंच होतं. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा साखरेशिवाय विकायला फारसं काही नव्हतं. पुढे नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ जेम्स मीड १९६१ मध्येच लिहून गेले होते की इथं माणसं वाढताहेत, कामं नाहीत, लक्षण बरं नाही.

१९७० मध्ये मॉरिशस सरकारनं कायदा केला. यंत्रं आणा, सूत आणा, जकात माफ. माल मात्र देशाबाहेर विका. १९७५ पासून युरोपनं दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर ठरलेल्या भावानं घ्यायची हमी दिली. तुमच्या प्रश्नाची मेख इथं आहे. भाव बांधलेला, त्यामुळे ऊसमळेवाल्यांच्या हाती पैसा राहिला आणि त्यातला काही त्यांनी शिवणाच्या कारखान्यांत घातला. हाँगकाँगवालेही आले, कारण त्यांच्या कपड्यांना युरोप-अमेरिकेत कोट्याची, म्हणजे ठरलेल्या मर्यादेची, आडकाठी होती आणि मॉरिशसमार्गे वाट मोकळी होती. मशीनवर बसल्या गावोगावच्या बायका. कापूस लागेल तसा बाहेरून.

हिंगणघाटची_कांडी

गुरुजी, पुढचंही सांगा ना. २००५ मध्ये कापडाचा जागतिक कोटा उठला, हाँगकाँगवाल्यांनी गाशा गुंडाळला, कित्येक बायका घरी बसल्या. लगेच २००६ पासून युरोपनं साखरेचा भाव टप्प्याटप्प्यानं ३६ टक्के उतरवला. बांधलेला भाव सुटला की काय होतं, ते आपल्याला कोणी शिकवायला नको. आता तिथल्या मशीनवर बांगलादेशची पोरं दिसतात.

मी सूतगिरणीत आहे म्हणून सांगतो, मॉरिशसवाल्यांचं खरं कसब करारात. भारताशी झालेल्या १९८२ च्या कर कराराचा फायदा बघा. मॉरिशसच्या कंपनीनं भारतातले शेअर विकले तर नफ्यावर इथं कर नव्हता, तिथंही नव्हता. झालं, जगभरचा पैसा त्यांच्या राजधानीची, पोर्ट लुईची पाटी लावून मुंबईत. २०१६ मध्ये करार दुरुस्त केला आणि एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरपुरती ही गंमत थांबली. २०२१ मध्ये तर जानेवारीत चीनशी व्यापार करार लागू, एप्रिलमध्ये आपल्याशी. एकाच वर्षी दोन्ही घरी सोयरीक! मॉरिशसच्याच अगालेगा बेटावर आपण बांधलेली धावपट्टी २०२४ मध्ये सुरू झाली. ती कोणाच्या कामाची, यावर तिथल्या लोकांत चांगलीच धुसफूस आहे.

दिग्रसची_सून

माझा दीर तिथं मेट्रोच्या कामावर होता. बांधकाम भारतीय कंपनीचं, आणि बराच पैसाही भारताचाच. २०१६ मध्ये आपण ३५ कोटी ३० लाख डॉलर दिले, त्यातला मोठा वाटा मेट्रोला.

त्याला मेट्रोपेक्षा गणपती आठवतो. चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते. एका मराठी घरी जेवायला नेलं होतं. कोकणातून मजुरीला गेलेल्यांची ही पाचवी-सहावी पिढी. आरत्या तोंडपाठ, आरती संपली की आपसात सगळं क्रिओल, म्हणजे तिथली बोली. जेवण झाल्यावर अंगणात झाकरी नाचले. ती म्हणे आपल्या कोकणातली जाखडीच. आणि हो, साखर कारखाने चिपाड जाळून वीज करतात, सरकारला विकतात. हे त्यानं घरी आल्यावर तीनदा सांगितलं.

धुऱ्यावरचा_माणूस

समजलं. गुरुजी, तुमच्या हातची छडी अजून आठवते, तुम्ही तेच असान तं.

चिपाडाचं वाचून हसू आलं. कालच दोन एकरातल्या पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर पेटवल्या, रातभर धग होती. वहिनी, झाकरीचा व्हिडिओ असन तं टाका, घरच्यांना पाहाचा हाये. शर्ट दोन धुण्यात आटला नाही, हे मात्र कबूल करतो.