शब्दचर्चा: ‘नॅशनलिस्ट’ला दर वेळी ‘राष्ट्रवादी’च म्हणायचं का?

भाषांतरवाली: युरोपच्या राजकारणावरचा एक लांबलचक लेख मराठीत आणतेय. त्यात ‘नॅशनलिस्ट’ हा शब्द पावलोपावली आहे आणि मी सरसकट ‘राष्ट्रवादी’ करत सुटले. वडिलांना वाचायला दिलं, तर म्हणाले, “घड्याळवाले जर्मनीत कधी पोचले?” थट्टा जाऊ दे, पण खरी अडचण वेगळीच आहे. जर्मनीच्या परिच्छेदात हा शब्द जवळजवळ शिवी म्हणून येतो, तर आयर्लंडच्या परिच्छेदात साधी ओळख म्हणून. ‘देशभक्त’ वापरलं तर भागेल का?

ओसरीवरचा: ‘देशभक्त’ अजिबात नको. तिकडे या दोन शब्दांत उघड भांडण आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये ट्रम्प यांनी ह्यूस्टनच्या सभेत स्वतःला छातीठोकपणे ‘नॅशनलिस्ट’ म्हणवून घेतलं. पुढच्याच महिन्यात, 11 नोव्हेंबरला, पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीला शंभर वर्षं झाली म्हणून पॅरिसला सोहळा होता. तिथे ट्रम्प समोर बसलेले असताना फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन म्हणाले की देशभक्ती ही राष्ट्रवादाच्या नेमकी उलट आहे. हे वाक्य मराठीत जसंच्या तसं ठेवलं तर वाचक बुचकळ्यात पडेल. आपल्याकडे टिळकांच्या काळापासून राष्ट्रीय सभा, राष्ट्रीय शिक्षण असं सगळं देशभक्तीच्याच पंगतीला बसलेलं. परक्या सत्तेशी लढताना कमावलेला शब्द आहे तो. त्याला वास येतो हेच आपल्याला चटकन पटत नाही.

जर्मनीत मात्र शब्द नाकाला लावून मगच तोंडात घेतात. बर्लिनच्या संसदभवनावर 1916 पासून ‘जर्मन फोल्कसाठी’ अशी अक्षरं आहेत. ती फ्रेंचांकडून जिंकलेल्या तोफांच्या धातूतून ओतलेली. ओतणारा कारखाना एका ज्यू कुटुंबाचा, आणि त्याच कुटुंबातली माणसं पुढे नाझींनी मारली. ‘फोल्क’ म्हणजे जनता, पण नाझींनी त्यात रक्त आणि वंश असा काही मुरवला की तो निथळून निघेना. म्हणून हान्स हाके या कलावंताने त्याच इमारतीच्या उत्तरेकडच्या चौकात त्याच वळणाच्या अक्षरांत ‘बेफ्योल्करुंगसाठी’ असं लिहायचं ठरवलं. बेफ्योल्करुंग म्हणजे इथे राहणारी सगळी माणसं, मग पासपोर्ट कुठलाही असो. एवढ्या एका शब्दावरून संसदेत जुंपली. एप्रिल 2000 मध्ये मतदान झालं: बाजूने 260, विरोधात 258. अक्षरांभोवती खासदारांनी आपापल्या मतदारसंघातली माती आणून टाकायची आणि तिच्यात जे उगवेल ते तसंच वाढू द्यायचं, खुरपायचं नाही, अशी ती रचना आहे.

आणि हा नुसता कलेचा खेळ नव्हे. त्याच वर्षाच्या 1 जानेवारीपासून तिथला नागरिकत्वाचा कायदा बदलला होता. तोवर 1913 च्या कायद्याप्रमाणे जर्मन ठरायचं ते आईबापांवरून. आता तिथे बरीच वर्षं कायदेशीर राहिलेल्या परदेशी आईबापांच्या मुलांनाही जन्मतः नागरिकत्व मिळू लागलं. हे माहीत असलं की जर्मन माणूस ‘नॅशनलिस्ट’ म्हणताना ओठ का मुरडतो ते कळतं.

ग्लासगोकर: स्कॉटलंडबद्दल थोडं. स्कॉटलंड ब्रिटनपासून वेगळं व्हावं म्हणणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या नावात ‘नॅशनल’ आहे, ‘नॅशनलिस्ट’ नाही. विरोधक मुद्दाम शेपूट लावतात. ‘नॅट्स’ हा त्याचा आखूड शब्दही बहुधा नाक वर करूनच उच्चारला जातो. निकोला स्टर्जन पक्षप्रमुख असताना 2017 मध्ये एडिंबरोत जाहीरपणे म्हणाल्या होत्या की पक्षाचं बारसं नव्याने करता आलं असतं तर हे नाव ठेवलं नसतं.

पण त्यांचं राष्ट्र कोणाचं ते पाहा. 2014 च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात मत कोणाला? स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्याला. राष्ट्रकुलातला म्हणून माझ्यासारख्या सांगलीच्या विद्यार्थ्याला मतदानाचं कार्ड घरपोच आलं, आणि ग्लासगोत जन्मून लंडनला स्थायिक झालेल्याला मत नाही! आमचा घरमालक तर माझ्यावर उखडलाच होता, कारण त्याचा सख्खा भाऊ लंडनला. याला आणि जर्मनीतल्या कडव्यांना एकच ‘राष्ट्रवादी’ शब्द लावणं म्हणजे शुद्ध अन्याय आहे. मी ‘स्वातंत्र्यवादी’ म्हणेन.

ओसरीवरचा: मान्य. उत्तर आयर्लंडमध्ये तर ‘नॅशनलिस्ट’ हा सरकारी शिक्काच आहे. 1998 च्या करारानुसार तिथल्या विधानसभेत निवडून आलेल्याने नोंदवहीत सही करताना ‘नॅशनलिस्ट’, ‘युनियनिस्ट’ (म्हणजे ब्रिटनसोबतच राहू म्हणणारा) किंवा ‘इतर’ यांपैकी एक लिहायचं असतं. ‘नॅशनलिस्ट’चा तिथे अर्थ एकच: आयर्लंड एक व्हावं असं म्हणणारा. ना शिवी, ना शाबासकी. ज्यांच्यावर दुसऱ्याने राज्य केलं त्यांच्याकडे हा शब्द ताठ मानेने फिरतो. ज्यांनी शेजाऱ्यांवर रणगाडे घातले त्यांच्याकडे तो खाली मान घालतो. नॉर्वेत 17 मेला रस्त्यावर झेंड्यांचा पूर असतो, पण मिरवणूक शाळकरी पोरांची. त्याला कोणी नॅशनलिझम म्हणत नाही. शतकानुशतकं आधी डेन्मार्कच्या आणि मग 1905 पर्यंत स्वीडनच्या छायेत काढली त्यांनी.

चिकित्सक: मला हे सगळं जरा सोयीस्कर वाटतंय. सर्बियाही शतकानुशतकं तुर्कांच्या ताब्यात होता, म्हणून 1990 नंतरच्या युद्धांतला तिथला राष्ट्रवाद निरागस ठरतो का? शिवाय मूळ लेखकाने सगळ्यांना एकच शब्द लावला असेल तर तो त्याचा पवित्रा आहे. भाषांतरात गोड-तिखट वेगळं केलंत की तुमचं मत त्याच्या तोंडी जाणार.

ओसरीवरचा: सर्बियाचा मुद्दा बिनतोड आहे. माझं विधान फार सैल झालं.

भाषांतरवाली: लेखक सगळ्यांना एका माळेत ओवतो ते शेवटच्या भागात, तेही मुद्दाम. तिथे ‘राष्ट्रवादी’ तसाच ठेवते. आधीच्या भागांत जर्मनीसाठी ‘कडवे राष्ट्रवादी’, स्कॉटलंडसाठी ‘स्वातंत्र्यवादी’, आयर्लंडसाठी पहिल्यांदा ‘एकीकरणवादी’ असं फोड करून आणि पुढे नुसतं ‘नॅशनलिस्ट’. मॅक्रॉनच्या वाक्याला मात्र अजून काही सुचत नाहीये. ‘देशप्रेम’ आणि ‘राष्ट्राचा अहंकार’ अशी जोडी कानाला बरी लागते, पण चिकित्सक पुन्हा म्हणणार, मत घुसडलंत.

चिकित्सक: म्हणणारच. ‘राष्ट्रवाद’ ठेवा आणि खाली दोन ओळींची टीप द्या.