मदत हवी आहे: समलिंगी पात्रामुळे ॲनिमेशनपट पडतो का?

नमस्कार मंडळी. मुलांच्या ॲनिमेशनपटांतली समलिंगी पात्रं आणि प्रेक्षकांचा प्रतिसाद यावर लेख लिहितेय, पण एका ठिकाणी अडलेय.

डिस्नेचा 'स्ट्रेंज वर्ल्ड' (२०२२) तिकीटबारीवर सपशेल आपटला. त्यातल्या इथनला एक मुलगा आवडतो, आणि आजोबांना हे कळल्यावर ते चक्क त्याला प्रेमाचा सल्ला देतात! फार लोभस प्रसंग आहे तो. 'यामुळेच सिनेमा पडला' असं सर्रास म्हणतात, ते मला पटत नाही. जाहिरात जेमतेम होती, कथाही विस्कळीत.

त्याच वर्षी 'लाइटइयर'मधल्या दोन बायकांच्या ओझरत्या चुंबनावरून संयुक्त अरब अमिराती, मलेशिया अशा देशांत तो लागलाच नाही. मग तिथल्या प्रेक्षकांचं मत कळणार कसं? उलट 'पॅरानॉर्मन' (२०१२) आणि 'निमोना' (२०२३) या दोन्हींत समलिंगी पात्रं असूनही त्यांना ऑस्कर नामांकन मिळालं. पण 'निमोना' नेटफ्लिक्सवर आला, त्यामुळे गल्ल्याची तुलना करता येत नाही.

तिकीटबारी सोडून कशावर भरवसा ठेवावा? मुलांसोबत हे सिनेमे पाहिलेल्या पालकांनी मुलांनी काय प्रश्न विचारले तेही सांगा, मला त्याचीच जास्त गरज आहे. मराठी किंवा इंग्रजी, कुठलंही वाचन सुचवलंत तरी चालेल.