मदत हवी आहे : 'हसबनीस' आडनाव नेमकं कुठून आलं?

नमस्कार मंडळी. आमचं आडनाव हसबनीस. फोनवर सांगितलं की समोरचा हमखास 'सबनीस' लिहून घेतो. परवा एका पार्सलवर तर 'हसमुखनीस' आलं! शेवटचं 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. चिटणीस, फडणीस, पोतनीस, कारखानीस ही त्याच गोतावळ्यातली, मराठेशाहीतल्या हुद्द्यांवरून आलेली आडनावं. गाडी अडते ती 'हसब'पाशी. काका म्हणतात, 'हिसाब'च तो. मला मात्र 'हशम' जवळचा वाटतो, म्हणजे पायदळातले शिपाई. त्यांचा हिशेब लिहिणारा तो हशमनीस, आणि बोलता बोलता 'म'चा 'ब' झाला असेल. कुणी मोडी कागदांत हा हुद्दा वाचलाय का? आणि ही घरं कोणत्या भागात जास्त आहेत? कागदाचा फोटो मिळाला तर काकांना दाखवता येईल.