सात धिप्पाड आणि एक चपळ: बेंचवरचं हे गणित कुणी समजावेल का?

मिरजेचा_पठ्ठ्या
मी मूळचा तालमीतला माणूस. पोरगा हॉस्टेलवरून आला की रग्बी लावतो, त्याच्यामुळे दोनेक वर्षं बघतोय. परवा 2023 च्या वर्ल्ड कपची फायनल पुन्हा पाहिली. दक्षिण आफ्रिका 12, न्यूझीलंड 11. आफ्रिकेच्या बेंचवर, म्हणजे बदली खेळाडूंत, आठपैकी सात फॉरवर्ड (पुढे धडका देणारे धिप्पाड), आणि मागे पळणाऱ्यांपैकी, म्हणजे बॅकपैकी, एकटा विली ला रू! दोन बॅक दुखावले असते तर काय केलं असतं? याला डावपेच म्हणायचं की जुगार?

तिरका_बॉल
जुगारच. जिंकले म्हणून डावपेच म्हणायचं, हरले असते तर कोचला शिव्या.

प्रिटोरियाचा_पाव्हणा
नऊ वर्षं इथे दक्षिण आफ्रिकेत काढली, म्हणून जरा लांबण लावतो.

आमच्या भागातल्या एका क्लबच्या मॅचला मी टचलाइनला चिकटून उभा होतो. रेफरीने ‘क्राउच, बाइंड, सेट’ म्हटलं आणि दोन्ही फळ्या भिडल्या, यालाच स्क्रम म्हणतात. ओलं पोतं फरशीवर आदळावं तसा आवाज, आणि पाठोपाठ सोळा जणांचा एकदम सुटलेला हुंकार. टीव्हीवर यातलं काही म्हणजे काही पोचत नाही. पन्नास मिनिटं हे केल्यावर प्रॉपच्या (पहिल्या ओळीत कडेला जोर लावणारा) मानेची आणि पाठीची काय अवस्था होते ती मी जवळून पाहिली. गडी पाण्याची बाटलीसुद्धा वाकून उचलेना. दमलेल्या पैलवानासमोर ताजा पैलवान सोडला की काय होतं, ते दादा तुम्हाला मी काय सांगणार.

आता यात पॉइंट कुठून येतात ते बघा. स्क्रममध्ये समोरचा ढासळला की शिट्टी, शिट्टी म्हणजे बऱ्याचदा पेनल्टी, आणि किकर चांगला असेल तर तीन पॉइंट. सेमीफायनलला इंग्लंड 15-6 ने पुढे होतं. आफ्रिकेचा ताजा प्रॉप ऑक्स न्चे उतरला आणि इंग्लंडचा स्क्रम मागे सरकायला लागला. आफ्रिकेच्या स्नायमनचा ट्राय (बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवणं) झाला, आणि 77व्या मिनिटाच्या सुमारास स्क्रमवरच मिळालेली पेनल्टी त्यांचा किकर पोलार्डने जवळजवळ 50 मीटरवरून घातली. 16-15.

पण गंमत अशी की त्या दिवशी बेंच सात-एक नव्हताच. पाच फॉरवर्ड, तीन बॅक! क्वार्टरफायनलला फ्रान्सविरुद्धच्या 29-28 लाही तेच. म्हणजे सातचा आकडा गाजला खरा, पण ज्या दोन मॅचनी त्यांना फायनलला नेलं त्यात तो नव्हता.

सात-एक जन्मला तोही अपघातानेच. ऑगस्ट 2023, ट्विकनहॅमला न्यूझीलंडविरुद्ध ऐनवेळी ला रू बाहेर पडला, त्याच्या जागी दुसरा बॅक न घेता फॉरवर्ड क्वागा स्मिथला बसवलं. 35-7 ने जिंकले, न्यूझीलंडचा तोवरचा सगळ्यात मोठा पराभव. मग वर्ल्ड कपमध्ये आयर्लंडविरुद्ध मुद्दाम सात-एक केलं आणि 13-8 ने हरले. स्क्रम कमी पडला म्हणून नाही हो. लिबॉक आणि डी क्लर्क या दोघांनी मिळून किकांवर 11 पॉइंट सोडले! शिट्टी मिळवून काय उपयोग, बॉल खांबांमधून जायला नको?

मिरजेचा_पठ्ठ्या
म्हणजे खरी अडचण किकरची होती. मग पोलार्ड आधीपासून का नव्हता?

प्रिटोरियाचा_पाव्हणा
मूळ संघात नव्हता, दुखापतीतून उठत होता. सप्टेंबरमध्ये माल्कम मार्क्सचा गुडघा गेला. मार्क्स हुकर (स्क्रमच्या पहिल्या ओळीत मधोमध असतो तो), तोही जगातल्या सर्वोत्तमांपैकी एक. आणि यांनी हुकरच्या जागी बोलावलं कुणाला, तर पोलार्डला! माझा शेजारी (जन्मापासून रग्बीतला) तेव्हा चिडून म्हणाला होता, न्हावी आजारी पडला म्हणून शिंपी आणला. मराठीत मी केलंय, त्याचं आफ्रिकान्स इथे छापण्यासारखं नाही.

फायनलच्या तिसऱ्याच मिनिटाला आफ्रिकेचा हुकर एम्बोनांबीचा पाय दुखावला आणि तो बाहेर. संघात खरा हुकर तोच काय तो एक उरला होता. डिऑन फूरी आला, वय 37. पूर्वी हुकर खेळलेला, पण आफ्रिकेसाठी मुख्यतः फ्लँकर (स्क्रमच्या बाजूला असणारा फॉरवर्ड). उरलेली सगळी मॅच त्याने हुकर म्हणून काढली. लाइनआउटला (रेषेबाहेर गेलेला बॉल आत फेकतात तेव्हा) बॉल फेकताना त्याची दैना झाली, आपलेच बॉल समोरच्यांना जात होते. खरा जुगार तो होता. सात-एकची चर्चा लोक उगाच करतात. आणि 12 च्या 12 पॉइंट पोलार्डच्या चार पेनल्टींचे. शिंपी कामाला आला.

तिरका_बॉल
न्यूझीलंडचा कॅप्टन केनला रेड कार्ड मिळालं हे सोयीस्कर विसरलात. पन्नासेक मिनिटं ते 14 जणांत खेळले.

प्रिटोरियाचा_पाव्हणा
मान्य. त्या 14 जणांनीच दुसऱ्या हाफमध्ये ट्राय केला. आफ्रिकेला एकही जमला नाही.

गल्लीतली_रेफरी
मला वेगळंच खटकतं. साठाव्या मिनिटाला थकलेल्या पोरांवर 120 किलोची ताजी माणसं सोडायची, यात कुणाची तरी मान मोडायची. बदली खेळाडू कमी करा की.

प्रिटोरियाचा_पाव्हणा
ताई, तुमची भीती खोटी नाही. पण फ्रंट रोचे (स्क्रमची पहिली ओळ, म्हणजे दोन प्रॉप आणि हुकर) बदली कमी केले तर दमलेला प्रॉप स्क्रममध्ये कोसळणार, आणि ते जास्त वाईट. 23 जणांत फ्रंट रोचे सहा हवेतच हा नियम त्यासाठीच आहे. बाकीच्या पाचांबद्दल बोला, तिथे मी तुमच्या बाजूने.

मिरजेचा_पठ्ठ्या
मी विचारलं होतं ते राहिलंच. बॅक कमी पडले असते तर?

प्रिटोरियाचा_पाव्हणा
पडलेच ना! 73व्या मिनिटाला आफ्रिकेचा बॅक कोल्बेला यलो कार्ड, म्हणजे दहा मिनिटं बाहेर. बेंचवर सात काय आणि तीन काय, कार्ड मिळालेल्याच्या जागी कुणी येत नसतं. त्याच पेनल्टीवर न्यूझीलंडच्या जॉर्डी बॅरेटने लांबून किक मारली. शेजाऱ्याच्या अंगणात ब्राईचे (निखाऱ्यांवर मांस भाजायची इथली रीत) निखारे विझत आले होते, वीज जाईल म्हणून टीव्ही इन्व्हर्टरला जोडलेला. कोल्बे बाहेर खुर्चीत जर्सीत तोंड खुपसून बसलेला, आणि इकडे शेजारी माझ्याकडे पाठ करून मांस उलटत होता, जे कधीच करपून गेलं होतं. बॉल खांबाच्या बाहेरून गेला, हे मी ओरडलो तेव्हा त्याला कळलं.