'राजनैतिक संबंध' कोणाशी असतात?

प्रश्न: भारत आणि तैवान या आशियातील दोन लोकशाहींवरील लेखात मी 'राजनैतिक आणि व्यापारी संबंध दृढ होत आहेत' असे लिहिले. संपादकांनी 'राजनैतिक' खोडून 'राजकीय' केले. हा बदल योग्य आहे का?

उत्तर: खोडणे योग्य, पर्याय मात्र चुकीचा आहे. पक्ष, निवडणुका, सत्ता यांच्याशी निगडित ते 'राजकीय' आणि राष्ट्राराष्ट्रांमधील अधिकृत व्यवहाराचे ते 'राजनैतिक', असा भेद मराठीत रूढ आहे. हिंदीतला 'राजनैतिक' म्हणजे आपला 'राजकीय', त्यामुळे हिंदी मजकूर समोर ठेवून लिहिणाऱ्यांची येथे हमखास गल्लत होते. परंतु 'राजनैतिक संबंध' म्हणजे नुसता सलोखा नव्हे. त्यात औपचारिक मान्यता गृहीत असते. भारताने असे संबंध १९५० मध्ये बीजिंगशी, म्हणजे चीनशी जोडले, तैपेईशी, म्हणजे तैवानशी ते आजही नाहीत. तैपेईत १९९५ पासून आहे ती 'इंडिया-तैपेई असोसिएशन', आणि नवी दिल्लीत आहे ते तैपेईचे आर्थिक व सांस्कृतिक केंद्र. २०१८ चा गुंतवणूक करार आणि कामगारांच्या स्थलांतराविषयीचा २०२४ चा सामंजस्य करार, दोन्ही याच संस्थांच्या नावे झाले. म्हणून 'व्यापारी आणि अनौपचारिक संबंध' असे लिहावे.

उपप्रश्न: मग या कार्यालयांना 'वकिलात' म्हणावे का?

उत्तर: आज म्हणता येणार नाही, कारण 'वकिलात' आता 'दूतावास' या अर्थीच वापरतात. जुन्या अर्थाने मात्र हा शब्द चपखल बसला असता. अरबी 'वकील' म्हणजे ज्याच्यावर काम सोपवले आहे तो. कोर्टातला वकीलही त्याच अर्थाचा. दिल्लीत हिंगणे आणि निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे हे पेशव्यांचे वकील होते. पेशवे छत्रपतींचे सेवक आणि निजाम बादशहाचा सुभेदार, निदान कागदोपत्री तरी. तरीही सार्वभौम कोण हा प्रश्न बाजूला ठेवून वकिलांमार्फत सारा व्यवहार चालत असे.

जाता जाता, त्याच लेखात गुंतवणूक कराराला 'तह' म्हटले असेल तर तेही बदलावे. पुरंदरचा तह (१६६५) असो वा सालबाईचा (१७८२), तहाच्या मागे लढाई असते.